कोकणात भाड्याने घर घेताय? लाईट-पाण्याचं आधी बोलून घ्या

आमच्याकडे दर जून-जुलैत कोणीतरी नवीन येतं. कोणाची शाळेवर ऑर्डर निघालेली असते, कोणी बँकेत, कोणी लोटे एमआयडीसीत. बहुतेक लातूर, परभणी, सोलापूर, बुलढाणा अशा लांबच्या भागातून, आणि मग ओळखीतून आमचा नंबर मिळतो आणि पहिला प्रश्न असतो की ताई घरभाडं किती चालतं तिकडे. मी दरवेळी सांगते की भाड्याचं काय ते मालक स्वतःच सांगतील, तुम्ही लाईट आणि पाण्याचं विचारा. कारण भाडं ठरलेलं असतं, ते महिन्याला बदलत नाही, भांडणं होतात ती या वरच्या पैशांवरून. मी स्वतः मूळची लातूरची, 2008 ला नवऱ्याची बदली गुहागरला झाली तेव्हा इकडे आले, तीन घरं भाड्याने बदलली, आता चिपळूणला आहोत आणि इथलेच झालोत म्हणा. जे कळलंय ते सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, इकडची घरं आपल्याकडच्यासारखी नसतात. शहरात फ्लॅट घेतला तर प्रश्न नाही, त्याला स्वतंत्र मीटर असतो, बिल आलं की आपण भरायचं. पण गावात घर मिळतं ते म्हणजे मालकाच्याच कौलारू घराचा अर्धा भाग, नाहीतर मागच्या बाजूला काढलेल्या दोन खोल्या, आणि मीटर एकच, तो पडवीत. त्याच मीटरवर मालकांचं घर, तुमचं घर, विहिरीवरची मोटर आणि कधीकधी खळ्यातला मोठा दिवासुद्धा. मालक म्हणतात बिल अर्धं-अर्धं करू, आपण म्हणतो चालेल की, दोनच तर माणसं आहेत. मीही म्हणाले होते.

आम्ही पावसाळ्यात राहायला आलो होतो. चार महिने बिल अगदी किरकोळ. दिवाळी झाली आणि बिल चढायला लागलं, जानेवारीत तर दुपटीच्याही पुढे. मी घरात फ्रीज बंद करून बघितला, इस्त्री बंद केली, गिझर तर नव्हताच, काही फरक नाही. मग एक दिवस सकाळी लक्षात आलं की मागे आगरात मोटर चालू आहे, आणि रोज चालू असते. इकडे नारळ-सुपारीच्या बागेला आगर म्हणतात, आणि पाऊस थांबला की त्याला शिंपण सुरू होतं ते थेट पुढच्या पावसापर्यंत. दीड एचपीची मोटर तासाला साधारण दीड युनिट खाते, रोज दोन तास म्हणजे तीन युनिट, महिन्याला नव्वद. आमचं स्वतःचं वापरणं ऐंशीच्या आसपास होतं! म्हणजे आमच्या घरापेक्षा सुपारीला जास्त लाईट लागत होती आणि तिचे अर्धे पैसे आम्ही देत होतो.

आता यात आमच्या घरमालक काकांनी फसवलं असं अजिबात नाही हं. मी हिशोब कागदावर मांडून दाखवला तर ते म्हणाले अगो हे माझ्या डोक्यातच नाही आलं, आणि त्या महिन्यापासून मोटरचे युनिट त्यांनी स्वतःकडे घेतले. इतकी वर्षं त्या घरात ते एकटेच राहत होते, वाटणीचा विचारच कधी करावा लागला नव्हता. म्हणून सांगते, मालकावर संशय घेऊन बोलू नका, पण बोला मात्र नक्की, आणि राहायला येण्याच्या आधी बोला.

यात अजून एक गंमत आहे जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही, ती म्हणजे स्लॅब. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटचा दर कमी असतो, 101 ते 300 चा त्याच्या दुपटीच्या आसपास जातो, 300 च्या वर आणखी महाग. दर बदलत राहतात, पण ही पायरी काही जात नाही. म्हणजे तुमचा वेगळा मीटर असेल तर तुमचे ऐंशी युनिट सगळे स्वस्त पायरीत बसले असते. पण एकाच मीटरवर तुमचे ऐंशी, मालकांचे सत्तर आणि मोटरचे नव्वद मिळून 240 झाले की 140 युनिट महाग पायरीवर गेले, आणि अर्धं-अर्धं केलं की तो महाग दर तुम्हीही भरता. युनिट जास्त वापरले नाहीत तरी बिल जास्त येतं ते यामुळे.

यावर सगळ्यात चांगला उपाय वेगळा मीटर. वीज कायदा 2003 मध्ये जागेचा मालक किंवा त्या जागेत राहणारा, दोघांपैकी कोणीही कनेक्शन मागू शकतो असं आहे, पण प्रत्यक्षात मालकाचं संमतीपत्र लागतंच, आणि दोन वर्षांसाठी राहणाऱ्या माणसासाठी मालक त्या भानगडीत पडत नाहीत. मग राहतो तो सबमीटर, म्हणजे मुख्य मीटरच्या पुढे फक्त आपल्या खोल्यांच्या लाईनवर लावलेला छोटा मीटर. इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात बसवून देतो. त्याचा महावितरणशी संबंध नाही, तो फक्त आपसातल्या वाटणीसाठी. बसवला की एक काम करा, घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचा प्लगसुद्धा काढा, आणि सबमीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघत पाच मिनिटं उभे राहा. लुकलुकत असेल तर कोणाचं तरी काहीतरी तुमच्या लाईनवर आहे. आमच्या दुसऱ्या घरात पाण्याची मोटर अशीच निघाली होती, वरच्या टाकीची, जी तीन कुटुंबं वापरत होती.

हिशोब कसा करायचा तर बिलात युनिटवर लागणारे आकार, म्हणजे वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन असेल तर ते, आणि यांच्यावरचं वीज शुल्क, यांची बेरीज करा, एकूण युनिटने भागा, आणि आलेल्या दराला तुमच्या सबमीटरच्या युनिटने गुणा. स्थिर आकार वेगळा ठेवा, तो युनिटवर नसतो, तो घरांच्या संख्येने वाटा. दर महिन्याला रीडिंगचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सअपवर टाका, बोलायची गरजच राहत नाही. काही ठिकाणी मालक युनिटला सरसकट एक दर सांगतात, हे सोपं पडतं, फक्त तो दर बिलाशी एकदा ताडून बघा आणि मगच हो म्हणा.

आणि हे विसरू नका, एप्रिल-मेच्या सुमारास बिलाबरोबर एक वेगळं बिल येतं, सुरक्षा ठेवीचं. महावितरण वर्षाच्या सरासरीवरून हिशोब करतं, महिन्याच्या सरासरी बिलाच्या दुप्पट ठेव लागते, आणि आधीची कमी पडत असेल तर वरची रक्कम मागतात. ही ठेव ग्राहकाच्या नावावर जमा राहते, म्हणजे मालकाच्या, आणि त्यावर व्याजही त्यांच्याच बिलात जमा होतं. त्यामुळे ती भाडेकरूने भरायची नाही. भरली तर भाड्यातून वळती करून घ्या. मी ओळखते अशा दोन घरांनी नेहमीचं बिल समजून भरून टाकली आणि घर सोडताना ते पैसे कोणाच्या लक्षातही नव्हते.

घर बघायला जाल तेव्हा जुनं बिल मागा, त्यावर 12 आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो महावितरणच्या अ‍ॅपवर टाकला की थकबाकी दिसते. थकबाकी आधीच्या भाडेकरूची असो नाहीतर मालकाची, लाईट कापली तर अंधारात तुम्ही बसणार. कापण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते खरी, पण ती जाते मालकाच्या नावाने, आणि मालक असतात मुंबईला. एकच बिल बघू नका, जमलं तर बारा महिन्यांची बघा. मीटर कुलूपबंद पडवीत आहे का तेही बघा, रीडिंग घेणाऱ्याला मीटर दिसला नाही तर सरासरी बिल येत राहतं आणि नंतर सगळं एकदम.

मुंबईचा विषय निघाला म्हणून, चाकरमानी मालक, म्हणजे नोकरीधंद्याला मुंबईत असलेले. अर्धं घर तुम्हाला देऊन अर्धं त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं असतं, वर्षातले दहा महिने कुलूप. पण गणपतीला पंधरा माणसं येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात पोरंबाळं घेऊन येतात आणि आंब्याचा सीझन संपेपर्यंत राहतात. खूप छान वाटतं, घर भरतं, आपल्यालाही आरतीला बोलावतात, उकडीचे मोदक येतात. पण त्या महिन्याचं बिल नेहमीच्या पद्धतीने अर्धं करायचं नाही हे आधीच ठरलेलं हवं, कारण सणात पैशाचा विषय काढणं दोघांनाही जड जातं. सबमीटर असेल तर हा प्रश्न येतच नाही.

पाणी. कोकणात एवढा पाऊस पडतो मग पाण्याची काय चिंता, असं मलाही वाटायचं. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, झिरपून जातं, मार्च संपला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. तेव्हा घर बघताना मालकांना नाही, शेजारच्या काकूंना विचारा की मे मध्ये या विहिरीला पाणी असतं का. नसेल तर टँकर कोण मागवणार, पैसे कसे वाटणार, माणशी का घराप्रमाणे? माणशी वाटणं मला बरोबर वाटतं. ग्रामपंचायतीची जी पावती असते त्यात घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी एकत्र असते. यातली घरपट्टी आणि बाकीचे कर मालकाचे, पाणीपट्टी वापरणाऱ्याने दिली तर ठीक. अख्खी पावती भाडेकरूच्या हातात देतात काही जण, तेव्हा शांतपणे वाचून सांगा.

अंघोळीच्या पाण्याला गावात अजून चूल पेटते, नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, आणि झावळ्या आगरात पडलेल्याच असतात. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालवला तर महिन्याला तीस युनिट जातात, तेव्हा सोडणं घेऊ का असं मालकांना विचारून घ्या, बहुतेक हो म्हणतात. पण न विचारता उचलू नका, ती त्यांची मालमत्ता आहे आणि पावसाळ्याची बेगमी असते.

वादळ-पुराचं पण बोला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, माझी मैत्रीण तिकडे होती, त्यांच्या वाडीने भाड्याने जनरेटर आणून आळीपाळीने टाक्या भरल्या आणि खर्च घराप्रमाणे वाटला, भाडेकरूंनीही दिला आणि ते योग्यच होतं. 22 जुलै 2021 ला चिपळूणात पूर आला, आम्ही वरच्या मजल्यावर, पण मीटर सगळे खाली, पाण्यात. मग वायरिंग कोणी करायचं यावर आमच्या बिल्डिंगमध्ये बरेच दिवस खल झाला. वायरिंग, अर्थिंग, मेन स्विच, मोटरची दुरुस्ती हे घराचं अंग आहे, ते मालकाचं. बल्ब, नळाचा वायसर असलं बारीकसारीक आपलं. सेप्टिक टँक पावसाच्या आधी उपसून घ्यायला लावा, पावसात जमिनीतलं पाणी वर येतं आणि ती तुंबते, तो खर्चही मालकाचाच धरा, फक्त आधी बोलून.

हे सगळं करारात घाला. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायला फार खर्च नाही, ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये, शहरात 1000, आणि स्टँप ड्युटी वेगळी. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. त्याच कायद्याच्या कलम 29 मध्ये मालकाने सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-लाईट तोडायचं नाही असं आहे, पण आपण लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या परवानगीवर राहतो, कायद्याच्या भाषेत भाडेकरू म्हणून नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका, ही अट आपल्या करारात वेगळी लिहून घ्या. छापील करारात एकच ओळ असते, वीजबिल घेणाऱ्याने भरावे, एवढीच. त्याखाली हाताने नाही, टाईप करून घाला: सबमीटरचं पहिलं रीडिंग, मोटर कोणाकडे, सुरक्षा ठेव कोणाची, टँकर कसा वाटायचा.

चावी हातात घेताना दोन फोटो काढा, एक मुख्य मीटरचा, एक सबमीटरचा, तारीख दिसेल असे, आणि तिथेच उभं राहून मालकांना पाठवा. सामान नंतर उतरवा.