नदीच्या पाण्यात तणनाशक शोधताय? या चुका टाळा

कृष्णा-पंचगंगेकाठी ऊस आहे, म्हणजे ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन आणि २,४-डी ही तणनाशकं आलीच. त्याच नद्यांवर गावोगावची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरी आहेत. तरी तपासणीत तणनाशक क्वचितच सापडतं, कारण ते पाण्यात असतं तेव्हा बाटली भरायला कोणी जात नाही.

महिन्याची तारीख ठरवून नमुना घेणं ही सगळ्यात घातक चूक. ॲट्राझिन पाण्यात विरघळून वाहतं. फवारणीच्या पाठोपाठ पाऊस झाला की ते ओढ्यात उतरतं आणि लहान ओढ्यात काही तासांत ओसरतंही. एका नगरपालिकेच्या केंद्रातून दर महिन्याला ठरल्या सोमवारी नमुना जायचा आणि अहवाल कायम स्वच्छ यायचा. आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या ऊस लागणीच्या दिवसांत एका रात्री जोराचा पाऊस झाला. पहाटे जॅकवेलच्या वरचा ओढा लालभडक होऊन आला. मी ऑपरेटरना म्हटलं, "मामा, बाटली आत्ता भरा." साहेबांचं म्हणणं, नमुन्याला अजून अवकाश आहे. मामांनी भरलीच. ॲट्राझिन मर्यादेच्या वर निघालं. पुढच्या सोमवारच्या नमुन्यात पुन्हा काहीच नाही! फाइलमधले ते जुने स्वच्छ अहवाल आठवले की आजही संताप येतो. ते पाणी घराघरांत लहान मुलं पीत होती.

मी कॅलेंडर बघत नाही. कृषी सेवा केंद्रात जाऊन सध्या कोणतं तणनाशक खपतंय ते विचारतो. पावसानंतर गढूळपणा चढायला लागला की पहिली बाटली, मग पाणी निवळेपर्यंत दर दोन-तीन तासांनी एक.

'आढळले नाही' एवढं वाचून फाइल बंद करू नका. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेला ५ च्या खाली मोजताच येत नसेल, तर त्या शेऱ्याला काय किंमत? पैसे भरण्याआधी लेखी विचारा: कोणकोणती तणनाशकं तपासणार आणि किती खालपर्यंत? ग्लायफोसेट नेहमीच्या सरसकट चाचणीत येत नाही, ते वेगळं मागावं लागतं.

बाटली गडद काचेची हवी आणि बर्फात ठेवलेली. ग्लायफोसेटसाठी मात्र प्लॅस्टिकची, कारण ते काचेला धरून बसतं. नळाचं पाणी असेल तर बाटलीत आधी क्लोरीन मारणारं थायोसल्फेट, आणि मग ती विसळायची नाही.

ॲट्राझिन सापडलं की नवी मंडळी तुरटी वाढवतात, क्लोरीन वाढवतात. दोन्हींनी ते जात नाही. उकळूनही जात नाही. त्याला पावडर ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे शोषून घेणाऱ्या कोळशाची पूड लागते. तो कार्बनही क्लोरीनबरोबर टाकला तर वाया जातो, म्हणून मी तेवढ्यापुरतं प्री-क्लोरिनेशन, म्हणजे सुरुवातीलाच क्लोरीन टाकणं थांबवायला लावतो. मात्रा दुसऱ्या गावाकडून उचलू नका, आपल्याच पाण्यावर जार टेस्ट करा, म्हणजे भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून बघा. आणि कार्बन फिल्टरच्या तोंडाशी ओतून मोकळे होऊ नका. त्याला पाण्यात मुरायला वेळ लागतो, म्हणून जॅकवेलपाशीच सोडा.