जास्वंदीचं तेल, पानांचा रस आणि चहा: घरी करताना

खोबरेल तेलात चार फुलं टाकायची, काळी पडेपर्यंत तळायची आणि गाळून बाटलीत भरायचं, ही जास्वंदीच्या तेलाची सर्रास पद्धत. अशा तेलात जास्वंद फारशी उतरतच नाही. पाकळ्यांचा लाल रंग आणि पानाफुलांमधला बुळबुळीत द्रव, दोन्ही पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून कितीही तळलं तरी तेल पिवळट-तपकिरीच राहतं. बाजारात लालभडक ‘जास्वंद तेल’ दिसलं तर तो रंग बहुधा रतनजोत या मुळीचा, ती मात्र तेलात छान उतरते.

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात जपा, म्हणजे जास्वंद, ‘केश्या’, म्हणजे केसांना हितकर, म्हटली आहे, आणि त्याच ओळीत ‘संग्राहिणी’, म्हणजे बांधून धरणारी, असंही म्हटलं आहे. केसांचा भाग खरा किती? उंदरांवरच्या प्रयोगांत अर्काने केसांची वाढ दिसली आणि त्यात फुलापेक्षा पान सरस ठरलं. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. टक्कल पडलेल्या जागी केस उगवतील अशी आशा कुणी लावली तर सोडून द्या. कोरडे, गुंतणारे केस मऊ होतात, हे मात्र पहिल्याच धुण्याला कळतं.

फूल घ्यायचं ते गावठी, पाच पाकळ्यांचं, एकेरी लाल. ते एकच दिवस टिकतं, म्हणून सकाळी पूर्ण उमललं की तोडावं. देठाकडची हिरवी वाटी आणि मधली परागांची दांडी काढून टाका, परागांनी कुणाकुणाला शिंका आणि खाज येते. हारवाल्याकडची फुलं पोटात घ्यायला वापरू नका. नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असण्याची शक्यता असते आणि काही औषधं झाडात मुरून राहतात. असं रोप छाटून, नवी फूट येऊन काही महिने गेले की मगच त्याची पानंफुलं घ्यावीत.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे पानांचा रस. जून पण पिवळी न पडलेली १५-२० पानं धुऊन हाताने फाडा, २०० मिली साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मग त्याच पाण्यात चुरडत राहा. दोन-तीन मिनिटांत पाणी जड होतं आणि बोटांमधून तार सुटते. तार सुटली नाही तर पानं कोवळी होती किंवा पाणी जास्त झालं, आणखी पाच-सहा पानं टाका. मिक्सर टाळा. पानांचा बारीक चुरा केसांत असा अडकतो की तीन वेळा धुऊनही फणीत येत राहतो. विरळ सुती कापडातून पिळून घ्या, गाळणीतून हा रस लवकर उतरत नाही. ओल्या केसांना मुळापासून टोकापर्यंत लावून २० मिनिटांनी धुवा. केस तेलकट असतील तर त्यात दोन चमचे शिकेकाई कालवा, कारण नुसत्या रसाने तेल निघत नाही. रस त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी तो पातळ होतो आणि आंबूस वास मारतो.

तेल करायचंच तर आयुर्वेदातल्या स्नेहपाकाच्या, म्हणजे औषधी तेल-तूप शिजवण्याच्या, प्रमाणाने करा: एक भाग कल्क (वाटलेला गोळा), चार भाग तेल, सोळा भाग द्रव. पाण्यात उतरलेला भाग तेलाबरोबर शिजवत आटवणं, ही त्यातली खरी युक्ती.

घरच्यापुरतं म्हणजे १०० मिली खोबरेल, २५ ग्रॅम ताज्या पाकळ्यांचा वाटलेला गोळा आणि ४०० मिली काढा. काढ्यासाठी १५-२० फुलांच्या पाकळ्या अर्धा लिटर पाण्यात उकळून ४०० मिलीपर्यंत आणा आणि गाळा. पातेलं जाड बुडाचं, स्टीलचं आणि ऐसपैस हवं, कारण मिश्रण फसफसून उतू जातं. लोखंडी कढईत रंग काळा पडतो, मग पाक जळला की नाही ते कळत नाही. सगळं एकत्र करून मंद आचेवर दीड-दोन तास ठेवा आणि शेवटच्या अर्ध्या तासात जागचं हलू नका. पाणी संपत आलं की गोळा बुडाला लागतो.

झालं कधी म्हणायचं? कल्क चिमटीत घेऊन वळला की त्याची वात व्हायला हवी. ती वात चिमट्याने गॅसच्या ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. आवाज न करता जळली आणि तेलावर फेस आला, की आच बंद. (तुपाचं उलट असतं, पाक होताना तिथे फेस बसतो.) घाई करून आधीच उतरवलं तर तळाशी ओल राहते आणि काही दिवसांत बुरशी धरते किंवा खवट वास येतो. कोमट असतानाच गाळून पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. तीन महिन्यांत संपेल एवढंच करावं. थंडीत गोठलं तर बाटली गरम पाण्यात ठेवा, पुन्हा विस्तवावर चढवू नका.

चहाला दोन फुलांच्या पाकळ्या पुरतात. २०० मिली पाणी उकळून गॅस बंद केल्यावर पाकळ्या टाका आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. पाणी जांभळट होतं, बोअरचं जड पाणी असेल तर निळसर-मळकट. अर्धा चमचा लिंबू पिळलं की लाल होतं. चव जवळजवळ नाहीच. दुकानात ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळतो तो आंबट चहा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो, आणि रक्तदाब थोडा उतरतो हे माणसांवरच्या ज्या चाचण्यांत दिसलं त्या प्रामुख्याने त्याच बोंडांवरच्या. तो गुण अंगणातल्या जास्वंदीला परस्पर चिकटवू नये.

गरोदर बायकांनी किंवा मूल हवं असलेल्यांनी जास्वंद पोटात घेऊ नये, प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने गर्भ रुजण्यात अडथळा आलेला आहे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा चहा डॉक्टरांना विचारूनच. अंगावरून जास्त जात असताना फुलं खाण्याचा घरगुती उपाय अजून चालतो, पण तिथे आधी तपासणी हवी. केस एकाएकी मूठमूठ गळायला लागले तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. त्या गळतीला तेलाने फरक पडत नाही.