चार दिवसाआड येणारं पाणी घरात कसं सांभाळावं

आमच्या घरच्या कॅलेंडरवर दोनच खुणा असतात: गॅसची टाकी कधी लावली आणि पाण्याची पाळी कधी आहे. सोलापुरात कित्येक भागांत वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी सुटतं. उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटरच्या पाइपलाइनीतून येतं, क्लोरीन घालून शुद्ध होतं आणि आपल्या टाकीत पडतं. पुढच्या पाळीपर्यंत त्याची राखण आपल्याकडेच असते. म्हणून कामंही पाळीच्या हिशोबानंच लावून घ्यावीत.

आदल्या दिवशी

टाकी, हौद, बॅरल तळाला गेलेले असतात, तेव्हाच घासून घ्या. नुसतं पाणी फिरवून ओतलं तर भागत नाही. टॉर्च मारून आतल्या भिंतीवर पाण्याची रेष जिथं असते तिथं बोट फिरवा, बुळबुळीत थर हाताला लागेल. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती नेमकी या रेषेवर. भिंतीला चिकटलेली ही अंडी कोरड्यात महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. काथ्यानं किंवा ब्रशनं कडा घासून काढल्या तरच ती जातात.

घासून झालं की बादलीभर पाण्यात दोन चमचे ब्लीचिंग पावडर कालवून आतून सगळीकडं लावा, अर्धा तास ठेवा आणि धुऊन टाका. ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास धुवायचं कुठलंही औषध कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. जमिनीखालच्या हौदात उतरायचं असेल तर झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवा आणि वर कुणीतरी उभं राहिल्याशिवाय उतरू नका.

पाणी सुटल्यावर

पहिली काही मिनिटं गढूळ पाणी येतं. ते टाकीत घेऊ नका, पण गटारीतही सोडू नका. दोन बादल्या भरून संडासासाठी, अंगण धुवायला बाजूला ठेवा.

आता मोटरीबद्दल. नळाला थेट मोटर लावायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे आणि माझ्या मते पाणी बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. पाइपात दाब असतो तोवर सैल जोडातून पाणी बाहेर गळतं. मोटर ओढायला लागली की उलटं होतं: त्याच जोडातून शेजारच्या गटारीचं पाणी आत शोषलं जातं. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला घाण वास येऊ लागला, चार घरांत जुलाब लागले, लहान पोरं आजारी पडली. नळकनेक्शन गटारीला घासून गेलेलं होतं आणि वर सगळ्यांच्या मोटरी चालू. जोड दुरुस्त झाला. पुढच्या पाळीला सगळ्यांनी मोटरी बंद ठेवायचं ठरवलं, तर शेवटच्या घरालाही पाणी मिळालं. उशिरा मिळालं, पण मिळालं.

नळाचं पाणी आपल्या दाबानं खालच्या हौदात पडू द्या, आणि मोटर लावायची ती हौदातून गच्चीवरच्या टाकीला. वास किंवा रंग बदललेला दिसला तर त्याच दिवशी महापालिकेच्या झोन कार्यालयात तक्रार द्या.

"शिळं" पाणी ओतू नका

नवं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून मोरीत ओतलं जातं. माझी आजीही ओतायची, आणि त्यामागं तिचा स्वच्छतेचाच विचार असायचा. पण पाणी भाकरीसारखं शिळं होत नाही. झाकून ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो, एवढाच फरक. म्हणजे पिण्यासाठी ते उकळून घ्यावं लागेल, बाकी सगळ्या कामाला ते चांगलंच आहे. उरलेल्या हंड्यांतून कपडे भिजवा, फरशी पुसा. आमच्याकडं या एका सवयीनं पाळीमागं पाच-सहा घागरी वाचतात.

पिण्याचं पाणी

गढूळ असेल तर तुरटी फिरवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी जाड सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा. मग खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा. उकळलेलं पाणी माठात भरलं की त्यात हात किंवा पेला बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर तोटीचा माठ घ्या.

हजार लिटरच्या टाकीला औषध घालायचं असेल तर ताजी ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण अर्धा चमचा, पुरते. आधी मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसला की वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओता, आणि तासभर थांबून वापरा.

आरओ घ्यायच्या आधी टीडीएस, म्हणजे एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत, ते मोजून घ्या. आकडा 500 च्या आत असेल तर आरओची गरज नाही. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो, आणि आपल्याकडं ते परवडणारं नाही. बोअरच्या क्षारट पाण्यासाठी घ्यावाच लागला तर बाहेर पडणारं पाणी फरशीला आणि संडासाला वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, माती खारवते.

गळका नळ

गळणाऱ्या नळाखाली तासभर पेला ठेवून बघा. 200 मिलिलिटरचा पेला भरला तर दिवसाला जवळजवळ पाच लिटर आणि पाच दिवसांच्या पाळीत 24 लिटर गेले, म्हणजे दोन घागरी. वायसर दहा-वीस रुपयांत मिळतो.

मोरीतून काय जातं

उन्हाळ्यात पाण्याला हिरवट रंग आणि वास आला की आपण चिडतो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येतं, त्यामुळं शेवाळ आणि जलपर्णी माजते, आणि हा राग योग्यच आहे. पण आपले नालेही सीना-भीमेच्या खोऱ्यात खालच्या गावांकडंच जातात. तळणीचं जुनं तेल, उरलेली औषधं, रंगाचं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. तेल बाटलीत भरून कचरागाडीत द्या. कपड्यांना पावडर मोजून घाला. निर्माल्य सिद्धेश्वर तलावात न टाकता कलशात द्या.

पावसाळ्याआधी

सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कमी वाटतो, पण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर होतं. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवरून, वाया जाणारं धरूनही, वर्षाकाठी वीस हजार लिटर मिळू शकतं. बोअरमध्ये सोडायचं तर खडी-वाळूच्या गाळणखड्ड्यातूनच सोडा, थेट कधीच नाही. मे महिन्यातच गच्ची झाडून पन्हाळीचा पाइप मोकळा करा, आणि मृगाच्या पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या. धूळ आणि कबुतरांची घाण त्यांतच उतरते. तिसऱ्या सरीला पाइप खड्ड्याला जोडा.