बाबागाडी कशी निवडावी: आधी जिना मोजा, मग गाडी बघा

बाबागाडी घ्यायचं ठरलं की घरात आधी मोबाइल उघडला जातो. तो जरा बाजूला ठेवा आणि मोजायची टेप शोधा. छपरावरची अस्वलं, कप ठेवायची खाच, गुलाबी की निळी, हे सगळं नंतर. कितीतरी घरांत बाबागाडी काही महिन्यांत बाल्कनीत जाऊन बसते आणि तिच्या दांडीवर लंगोट वाळू लागतात. कारण विचारलं तर लिफ्टमध्ये शिरत नाही, जिन्यावरून उचलवत नाही, नाहीतर गेटबाहेर पडलं की पहिल्याच उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला अडते. बाळाची तक्रार क्वचितच असते. म्हणून आधी घर बघा, मग रस्ता, मग गाडी ढकलणारा माणूस. दुकान सगळ्यात शेवटी.

१. आत्ताच हवी आहे का, ते ठरवा

बारशाला बाबागाडी द्यायची हौस मामा-मावश्यांना फार. पण आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण बहुधा घरातच असतात, आणि त्यानंतरच्या फेऱ्या म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी. त्या रिक्षानेच होतात, बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर. दवाखान्याच्या दाराशी चपलांच्या गर्दीत गाडी लावायला जागाही नसते. त्यामुळे घाई नसेल तर पाच-सहा महिने थांबा, असं माझं मत. बाळ आधाराशिवाय बसू लागलं की हलक्या गाड्याही चालतात, आणि आपलं फिरणं खरोखर कुठे होतं हेही तोवर कळलेलं असतं.

जुळी असतील, पाठीचं दुखणं असेल किंवा सोसायटीत फिरायला मोकळा रस्ता असेल, तर लवकर घ्या. मग मात्र पाठ पूर्ण सपाट होणारीच घ्या. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते; अर्धवट बसवलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबू शकते. खोक्यावर ‘झिरो प्लस’, म्हणजे जन्मापासून चालेल, असं लिहिलंय यावर विसंबू नका. दुकानात पाठ पूर्ण खाली पाडा आणि बैठकीवरून हात फिरवून बघा, मध्ये खड्डा लागतो का.

छत्री पद्धतीने मिटणारी, कापडी बैठकीची हलकी गाडी बसत्या बाळासाठीच. तिचा जनक ओवेन मॅक्लारेन हा ब्रिटिश विमान-अभियंता. मुलगी नातवंडाला घेऊन परदेशातून आली, तेव्हा बरोबरच्या अवजड गाडीशी चाललेली झटापट बघून त्याने अॅल्युमिनियमची, जेमतेम तीन किलोची घडीची गाडी बनवली आणि १९६५ साली तिचं पेटंट मागितलं. म्हणजे उचलायला हलकी हवी, ही मागणी तेव्हापासूनचीच.

२. टेप घेऊन घरभर आणि घराखाली फिरा

चार मापं लिहून घ्या: लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टच्या आतली खोली, घराच्या सेफ्टी डोअरची मोकळी रुंदी आणि कारची डिकी.

सहा माणसांच्या लिफ्टचं दार बऱ्याचदा ७० सेंटीमीटरच्या आसपास असतं. जुन्या बिल्डिंगमधली जाळीची लिफ्ट त्याहून अरुंद निघू शकते. साधी एकेरी गाडी ५० ते ६० सेंटीमीटर रुंद असते, त्यामुळे रुंदीत ती जाते. लोक विसरतात ती लांबी. गाडी आत गेली, पण मागे तुम्ही उभे राहिल्यावर दार लागत नाही, असं होतं. जुळ्यांची शेजारी-शेजारी बैठकीची गाडी साधारण ७५ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असते. ती घेण्याआधी लिफ्ट दोनदा मोजा. एकामागे एक बैठक असलेली दारातून सहज जाते, पण वळवायला लांबलचक लागते.

डिकी मोजताना सीएनजीची टाकी असेल तर टाकीच्या पुढची जागा मोजा. कंपनीच्या पत्रकातले डिकीचे लिटर इथे कामाचे नाहीत. घरात फक्त स्कूटर असेल तर गाडी सोसायटीबाहेर जाणारच नाही हे मान्य करा आणि त्या हिशोबाने पैसे घाला. बाहेरगावी बाळ कडेवर किंवा अंगाला बांधायच्या झोळीतच जाईल.

लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचा हिशोब वेगळा. आठ किलोची गाडी आणि आठ किलोचं बाळ मिळून सोळा किलो होतात. शिवाय पिशवी. तिसऱ्या मजल्यावर हे रोज कोणी नेत नाही, आणि बाळ गाडीत ठेवून दोघांनी गाडी जिन्यावरून उचलणं तर करूच नका. अशा घरांत गाडी जिन्याखाली राहते. मग साखळी-कुलूप, वरून टाकायला जुनी चादर आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी, तिन्हींची सोय आधी करा. नाहीतर पाच-सहा किलोची, मिटवून खांद्याला अडकवता येणारी गाडी बघा.

३. रोज कोण ढकलणार?

दुकानात आई-बाबा जातात. संध्याकाळी पाच वाजता बाळाला खाली नेतात आजोबा, नाहीतर सांभाळणाऱ्या मावशी. मग त्यांनाच बरोबर न्या. दांडी त्यांच्या कमरेच्या जरा वर आली पाहिजे; खाली असेल तर वाकावं लागतं, आणि उंच माणसाचे पाय चालताना मागच्या दांड्याला लागतात. घरात पाच फुटांच्या आजी आणि पावणेसहा फुटांचे बाबा असतील, तर दांडी वर-खाली होणारी हवी.

मिटवून बघण्याचं कामही त्यांनाच करू द्या. ‘एका हाताने मिटते’ असं विक्रेता स्वतः करून दाखवतो, त्याला सवय असते. तुम्ही डाव्या कडेवर पाच किलो कणकेची पिशवी घ्या आणि उजव्या हाताने गाडी मिटवा, परत उघडा. खटका दाबायला आजीच्या अंगठ्याचा जोर पुरत नसेल, तर ती गाडी रोज उघडीच राहणार आणि दार अडवणार.

४. चाकं रस्त्याप्रमाणे

पुढची चाकं बोटभर जाडीची, जोडीजोडीने लावलेली आणि कडक प्लास्टिकची असतील, तर ती मॉलच्या फरशीवर लोण्यासारखी पळतात आणि फुटपाथवर दोन ब्लॉकांमधल्या फटीत रुततात. गाडी अचानक थांबते, बाळ पुढे झुकतं. खडबडीत रस्त्याला चाक मोठं हवं, निदान पंधरा-सोळा सेंटीमीटर व्यासाचं, आणि वर स्प्रिंग. आत भरीव फोम असलेलं चाक मला आपल्याकडे सगळ्यात सोयीचं वाटतं. हवा भरायची चाकं चालतात छान, पण पंक्चर काढायला सायकलवाल्याकडे गाडी नेणार कोण? पुढची चाकं गोल फिरणारी असावीत आणि खडीच्या रस्त्यासाठी ती सरळ लॉक करता यावीत.

आता दांडी उलटवण्याबद्दल. दांडी पलीकडे टाकली की बाळाचं तोंड आपल्याकडे होतं, आणि लहान बाळासाठी ते फार बरं. पण बऱ्याच गाड्यांत फिरती चाकं एकाच टोकाला असतात. दांडी उलटवली की ती तुमच्या पायांशी येतात आणि गाडी वळताना मागून घसरल्यासारखी होते. दुकानाच्या दोन रॅकमधून दोन्ही बाजूंनी चालवून बघा, फरक लगेच हाताला कळतो. चारही चाकं फिरणारी आणि हवी ती जोडी लॉक होणारी गाडी मिळाली, किंवा दांडीऐवजी बैठकच उलटी बसवता आली, तर उत्तम.

५. ब्रेक, पट्टा, बिजागरी

ब्रेक एका पायाने दोन्ही मागच्या चाकांना लागला पाहिजे. चपलेवर करून बघा. काही ब्रेक सोडताना पायाच्या अंगठ्याने खालून वर उचलावे लागतात. बुटात ते जाणवत नाही, उघड्या चपलेत रोज अंगठा दुखतो. मग माणूस ब्रेक लावायचाच कंटाळा करतो. दाबून लावायचा आणि दाबूनच सोडायचा ब्रेक बरा. बैठकीत वजन ठेवून पार्किंगच्या उतारावर गाडी सोडून बघता आली तर बघाच.

पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांदे, दोन्ही बाजूंनी कंबर आणि मांड्यांमधून एक. नुसता कमरेचा पट्टा असेल, तर वर्षाचं मूल त्यातून उभं राहतं.

बिजागरीकडे कोणी बघत नाही. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेनच्याच सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवर घालायची आवरणं द्यावी लागली होती, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं त्यात सापडून बोटांची टोकं तुटली होती. उघडमीट होते त्या जागी तुमचं बोट आत जातं का पाहा, आणि गाडी उघडताना-मिटवताना मूल हातभर लांब ठेवा. गाडी मिटलेली राहायला आणि उघडी राहायला वेगवेगळा लॉक असावा. लेबलवर ‘ईएन १८८८’ हा युरोपीय मानकाचा उल्लेख असेल तर चांगलं. त्याच लेबलवर वजनाची मर्यादा असते, बहुधा १५ किंवा २२ किलो.

दांडीला भाजीची पिशवी अडकवायची नाही. बाळ उचललं की गाडी मागच्या मागे उलटते, आणि कधी बाळासकट. बटाटे-कांदे खालच्या टोपलीत. टोपली तेवढी मोठी आहे का, हेही बघून घ्या. सरकत्या जिन्यावर गाडी कधीच नाही. मेट्रोला आणि मॉलला लिफ्ट असतेच.

६. ऊन, पाऊस, डास

छप्पर खाली नाकापर्यंत ओढता येणारं आणि मागे जाळीची खिडकी असलेलं घ्या. एप्रिलच्या उन्हात वरून ओढणी किंवा दुपटं टाकून गाडी बंद करू नका: आतली हवा कोंडते आणि पाहता पाहता तापते. पावसाचं प्लास्टिकही सर थांबली की लगेच काढा. मच्छरदाणी गाडीबरोबर येते का विचारा. संध्याकाळच्या बागेत तिच्याशिवाय बसता येत नाही. बैठकीचं कापड निघून धुता आलं पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये न निघणाऱ्या गादीला बुरशी धरते आणि वास जात नाही. कोकणात समुद्राकाठी राहत असाल तर लोखंडी नळ्यांऐवजी अॅल्युमिनियमचा सांगाडा घ्या.

७. पैसे

साधी, सात-आठ किलोची गाडी चार-सहा हजारांत मिळते, आणि बहुतेक घरांना ती पुरते. विमानाचा प्रवास खूप असेल तरच लहान घडीच्या गाडीला जास्त पैसे द्या; केबिनमधल्या बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर असतं, पण विमान कंपनीला आधी विचारा. कारसीटसकट, म्हणजे कारमध्ये बांधायच्या बालआसनासकट, येणारा संच कार असणाऱ्यांनीच बघावा. त्यांना लहान मुलासाठी बंदोबस्त करावाच लागतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. मात्र प्रवास संपला की बाळाला त्या आसनातच झोपू देऊ नका, सपाट जागी निजवा.

ऑनलाइन घेतलीत तर परतीची मुदत संपण्याआधी कणकेची पिशवी बसवून खालपर्यंत एक फेरी मारा.

वापरलेली गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलंत तर निम्म्याहून कमी किमतीत, कधी फुकटही मिळते. सांगाड्याला चीर किंवा वेल्डिंग नको, चाक हाताने हलवल्यावर डुगडुगता कामा नये, दोन्ही लॉक टक्क आवाज करून बसले पाहिजेत. गंज नळीच्या टोकांत आणि स्क्रूंभोवती बघा. पट्ट्याची कडी मोडलेली असेल आणि आधीच्या घरात ती सेफ्टी पिनने भागवली असेल, तर कंपनीकडून नवी कडी मिळते का ते आधी विचारा. नसेल मिळत तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.