शाळेला किती सांगावे? बाल न्यायाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी सामाजिक कार्यकर्ती म्हणून मी रुजू झाले, तेव्हा बाल न्याय अधिनियम, 2015 मुलाखतीपुरता पाठ झालेला होता. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळात कोण बसते, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीच्या बाल कल्याण समितीपुढे कोणते मूल जाते, मूल चोवीस तासांत हजर करण्याचा नियम काय, हे तुम्हालाही ठाऊक असेलच. मात्र प्रशिक्षणात एका तक्त्यावर चार बाण काढून जो ‘समन्वय’ उरकला जातो, त्यानेच मला पहिल्या वर्षी तोंडघशी पाडले. त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

प्रकरण साधे होते. पंधरा वर्षांचा मुलगा, मोबाईल चोरीचा आरोप, म्हणजे कायद्याच्या भाषेत किरकोळ अपराध. अशा प्रकरणात सहसा गुन्हा नोंदवत नाहीत. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. पुढचा, मुलाच्या परिस्थितीची सविस्तर चौकशी करून लिहायचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा होता आणि त्यासाठी माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यावे, या चांगल्या हेतूने त्यांना सगळे सांगून टाकले. “जरा लक्ष ठेवा,” असेही वर म्हणाले. त्यांनी लक्ष ठेवलेही. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली तरी पहिले दप्तर याचे तपासले जाऊ लागले, कुजबुज पालकांपर्यंत पोहोचली आणि महिन्याभरात त्याच्या आईला बोलावून दाखला काढून नेण्याचा सल्ला देण्यात आला. जी शाळा त्या मुलाला दिवसाचे सहा तास सांभाळत होती, तीच माझ्या हातून सुटली आणि ते सहा तास तो पुन्हा त्याच मित्रांबरोबर काढू लागला.

चूक कोणाची, यावर मी पुष्कळ दिवस मुख्याध्यापकांना दोष देत होते. खरे तर ती माझी होती. मंडळापुढे किंवा समितीपुढे येणारे मुलाविषयीचे अहवाल गोपनीय असतात, हे कलम 99 मध्ये स्पष्ट लिहिले आहे, आणि मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलम 74 केवळ वृत्तपत्रांपुरते नाही, तर संपर्काच्या इतर माध्यमांनाही लागू आहे. समन्वय म्हणजे प्रकरण सर्वांपुढे उघडे करणे, असे मी धरून चालले होते. प्रत्येक यंत्रणेला तिच्या वाट्याचे काम करण्यापुरतीच माहिती लागते. मूल सलग तीन दिवस गैरहजर राहिले तर कोणाला फोन करायचा, एवढे शाळेला कळले की पुरते. व्यसनमुक्ती समुपदेशकाला मूल काय ओढते आणि केव्हापासून, हे कळायला हवे. त्याने काय चोरले याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. मूल समुपदेशकापाशी जे बोलले, ते ठाण्यात मुलांची प्रकरणे हाताळणाऱ्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांपर्यंत जाण्याचे कारण नाही. आता मी कोणत्याही कार्यालयात शिरण्यापूर्वी, इथे काय मागायचे आणि काय सांगायचे नाही, याच्या दोन ओळी वहीत लिहून घेते. हे बाळबोध वाटेल, पण तोंड उघडल्यावर भान राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

याच कारणाने व्हॉट्सॲपच्या गटांविषयी माझे मत कडवट आहे. पोलीस, शाळा, संस्था, सगळ्यांचा एक गट केला की समन्वय झाला असे वाटते. मुलाचे नाव आणि छायाचित्र अशा गटावर टाकू नका, कोणी वरिष्ठांनी सांगितले तरी टाकू नका. वरिष्ठांकडून मिळणारे ‘नमुना अहवाल’ही तसेच, त्यांची नक्कल करू नका. अशा नक्कल केलेल्या एका अहवालात पहिल्या पानावर दिवंगत असलेले वडील तिसऱ्या पानावर रोजंदारीला जाताना मी पाहिले आहेत. शिकायचेच असेल तर, चौकशी सुरू असताना मुलांना जिथे ठेवतात त्या निरीक्षणगृहातल्या जुन्या काळजीवाहकाजवळ बसा. मूल रात्री झोपते की नाही, हे त्याला ठाऊक असते.

घाबरून मात्र जाऊ नका. कायद्याने हाती दिलेले मार्ग आपण समजतो त्याहून अधिक आहेत. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाला त्याच वेळी काळजी व संरक्षणाचीही गरज असू शकते, हे अधिनियम मान्य करतो आणि तसे दिसल्यास मंडळ ते प्रकरण बाल कल्याण समितीकडे पाठवू शकते. या मुलाची आई एकटी कमावणारी होती. हा मुद्दा मी पहिल्याच अहवालात नीट मांडायला हवा होता. तो उशिरा मांडला, तरी समितीने ऐकून घेतले आणि मुलाच्या संगोपनासाठी आर्थिक मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला गेला.

दुसऱ्या शाळेत प्रवेशासाठी गेले, तेव्हा मुख्याध्यापिकांना एवढेच म्हणाले की, मुलाचे दोन महिने बुडाले आहेत, गणित कच्चे आहे आणि तो आला नाही तर मला त्याच दिवशी कळवा. त्यांनी कारण विचारले. घरची अडचण आहे, असे मी सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. पहिल्या पंधरवड्यात त्यांचा दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी मुलगा तापाने घरी झोपलेला होता.