ब्रिटनमधील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या खासगी शाळा: प्रवेशानंतरच्या या चुका टाळा

फेब्रुवारी महिन्यात शाळेचे प्रवेशपत्र येते आणि दोन वर्षे इलेव्हन प्लसच्या (अकराव्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेच्या) सराव-प्रश्नपत्रिकांत अडकलेले घर सुटकेचा श्वास सोडते. पुण्याला आजी-आजोबांना फोन जातो, पेढे वाटले जातात आणि आता सगळे मार्गी लागले असे सर्वांनाच वाटते. लंडनजवळच्या अशाच एका मुलामुलींच्या शाळेत आमच्या मुलीने सात वर्षे काढली. त्या अनुभवावरून सांगते, की आपल्या मराठी घरांतल्या बहुतेक अडचणी या पत्रानंतर, सप्टेंबरमध्ये इयर सेव्हन, म्हणजे माध्यमिक शाळेचे पहिले वर्ष, सुरू झाल्यावर उभ्या राहतात. त्यांचे मूळ बहुधा एकच असते: परीक्षा संपते, पण घर परीक्षेच्याच शिस्तीत चालत राहते.

सर्वांत मोठी चूक गुणांच्या बाबतीत होते. या शाळांमध्ये आलेले जवळजवळ प्रत्येक मूल आपापल्या प्राथमिक शाळेत पहिल्या दोन-चारांत असते, आणि अशी शंभर-दीडशे मुले एकत्र आली की त्यांतल्या निम्म्यांना मधल्या किंवा खालच्या फळीत यावेच लागते. हे साधे गणित आपल्याला कळते, पण आपल्या मुलाला लागू करताना वळत नाही. पहिल्या सत्रात आमच्या मुलीला गणिताच्या एका चाचणीत 64 टक्के मिळाले. ते तिने आम्हाला सांगितलेच नाही. नाताळच्या सुटीत ब्लेझर धुलाईला टाकताना आतल्या खिशात आठ घड्या घातलेला तो कागद सापडला. घड्यांवरची शाई पुसट झाली होती, म्हणजे तो कागद तिने कितीदा तरी उघडून पाहिला असणार. त्याआधीच्या दोन महिन्यांत ती शाळेतून आली की आमचा पहिला प्रश्न ‘किती मिळाले?’ आणि दुसरा ‘बाकीच्यांना किती?’ हा असे. कागद खिशात का राहिला, याचे उत्तर त्या दोन प्रश्नांतच होते.

या शाळांच्या प्रगतिपुस्तकात सहसा क्रमांक नसतो. प्रत्येक विषयापुढे दोन नोंदी असतात: एक विषयातल्या यशाची आणि दुसरी प्रयत्नांची. आपण सवयीने पहिलीवर बोट ठेवतो, तर शिक्षक दुसरीकडे अधिक लक्ष देतात. प्रयत्नांची नोंद चांगली आणि गुण मधले असतील, तर काळजीचे कारण नाही. प्रयत्नांची नोंद घसरली, एकाच वेळी दोन-तीन विषयांत घसरण दिसली, किंवा अर्ध्या तासाचा गृहपाठ रोज दोन तास चालू लागला, तर मात्र थांबू नये. गणितात मुलांना पातळीनुसार ‘सेट’मध्ये बसवले जाते आणि एखाद्या वर्षी मूल वरच्या सेटमधून खालच्या सेटमध्ये जाते. त्याला आपण शिक्षा समजतो. प्रत्यक्षात तिथे बहुधा मुले कमी असतात आणि शिकवण्याची गती मुलाला झेपेल अशी असते.

दुसरी चूक म्हणजे शिकवणी चालू ठेवणे. इलेव्हन प्लसच्या तयारीत व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंगचा (शब्दांच्या आणि आकृत्यांच्या तर्ककोड्यांचा) मोठा वाटा असतो, आणि हे माध्यमिक शाळेत शिकवले जाणारे विषयच नव्हेत. पर्यायांतून उत्तर पटकन हेरण्याची ती सवय इतिहासाचा निबंध लिहिताना, प्रयोगाचे निष्कर्ष मांडताना किंवा लॅटिनची विभक्ती ओळखताना उपयोगी पडत नाही. शिवाय रविवारी शिकवणीच्या मास्तरांनी गृहपाठ नीट करून घेतला, की सोमवारी शाळेतल्या शिक्षकांना मुलाला काय कळलेले नाही हेच दिसत नाही, आणि अडचण आतल्या आत वाढत राहते. बऱ्याच शाळांत जेवणाच्या सुटीत विषयवार मदतीचे तास असतात. ते फुकट असतात आणि मुख्य म्हणजे शिकवणाऱ्याच शिक्षकाकडून मिळतात. आधी महिनाभर तिथे जायला सांगावे.

येथे आपल्या संस्कारांतली एक गोष्ट आड येते. शिक्षकांना उगाच त्रास कशाला द्यायचा, असे म्हणून आपण गप्प राहतो आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मात्र रात्री अकरापर्यंत चर्चा करतो. वास्तविक या शाळांची व्यवस्था पालकांच्या पत्रांवर चालते. विषयाची अडचण असेल तर त्या विषयाच्या शिक्षकांना, आणि झोप, जेवण, मैत्री किंवा मनःस्थितीची काळजी असेल तर फॉर्म ट्यूटरना, म्हणजे वर्गशिक्षकांना, चार ओळींची ईमेल लिहावी. आठवडाभरात फरक दिसला नाही, तर हेड ऑफ इयरकडे (त्या इयत्तेच्या प्रमुखांकडे) जावे. आरोप किंवा तुलना न करता घरी काय दिसते तेवढेच लिहावे: ‘तीन आठवड्यांपासून ती डबा तसाच परत आणते’ या एका वाक्याने आमच्या मुलीच्या बाबतीत जे काम झाले, ते पालकसभेतल्या पाच-पाच मिनिटांच्या भेटींत झाले नव्हते. जेवणाच्या वेळी ती एकटी बसते आहे, हे फॉर्म ट्यूटरच्या लक्षात आले आणि त्यांनी तिला वाद्यवृंदातल्या दोघींबरोबर जोडून दिले.

वाद्यवृंद, वादविवाद, नाटक, हॉकी यांना ‘अभ्यास सांभाळून जमलं तर’ या खात्यात टाकणे ही म्हणूनच खरी चूक आहे. इथे मुले तासा-तासाच्या अंतरावरून कोचने (शाळेच्या बसने) येतात, जुने मित्र दुसऱ्या शाळांत गेलेले असतात आणि शेजारपाजारचे कोणी बरोबर नसते. मैत्री जमते ती या तालमींत आणि सामन्यांना जाणाऱ्या बसमध्ये. मात्र विद्यापीठाच्या अर्जावर शोभेल म्हणून सहा गोष्टींत नाव घालणेही तितकेच वाईट. पहिल्या वर्षी एक आवडीची आणि एक नवी, एवढे पुरे. ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराचा (तरुणांसाठीच्या सेवा, कौशल्य आणि साहसाच्या उपक्रमाचा) कांस्य टप्पा साधारण चौदाव्या वर्षी, इयर नाईनमध्ये येतोच.

मुले-मुली एकत्र शिकतात याबद्दलची अस्वस्थता आपण बोलून दाखवत नाही, पण ती प्रश्नांतून डोकावते. प्रयोगशाळेतला जोडीदार मुलगा आहे असे कळताच मुलीची उलटतपासणी सुरू झाली, तर ती पुढे कोणाचेच नाव घरी घेणार नाही, आणि मग खरोखर काळजीची गोष्ट घडली तरी आपल्याला शेवटी कळेल.

विषय निवडताना, म्हणजे जीसीएसईच्या (साधारण सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेच्या) आधी, तिन्ही विज्ञाने आणि संगणक यांपलीकडे आपण पाहत नाही. मुलाला इतिहास किंवा चित्रकला मनापासून हवी असेल, तर साधारण नऊ-दहा विषयांत तिला जागा नक्कीच होते. गुजराती, पंजाबी, बंगाली आणि उर्दू या भाषांची जीसीएसई परीक्षा आहे, मराठीची नाही. त्यामुळे शाळेच्या भरवशावर मराठी टिकणार नाही. ‘आता इंग्रजी पक्कं व्हायला हवं’ म्हणून अकराव्या वर्षी घरातली मराठी बंद करणे मला फार दुःखाचे वाटते. इंग्रजी त्याने सुधारत नाही, फक्त आजीशी बोलणे थांबते.

पैशांच्या बाबतीत करारपत्र न वाचता सही करणे महागात पडते. 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या शुल्कावर 20 टक्के व्हॅट लागू झाला आहे; कोच, सहली, वाद्यांचे वैयक्तिक धडे आणि अनेक ठिकाणी जेवण यांचा खर्च वेगळा. स्कॉलरशिप आणि बर्सरी यांत गल्लत करू नये: पहिली गुणवत्तेसाठी असते आणि तिच्यातली सूट अनेकदा किरकोळ असते, दुसरी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि काही शाळांत संपूर्ण शुल्कापर्यंत जाते. नोकरी गेली, तर थकबाकी साचण्यापूर्वी बर्सरच्या (शाळेचा आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयाला कळवावे. संकोचाने गप्प राहिलेल्या कुटुंबांना नंतर मदत करणे शाळेलाही अवघड होते.

आणि सगळे करूनही मूल ‘मला इथे नको’ म्हणाले तर? ऑक्टोबरच्या सुटीआधी निर्णय घेऊ नये, कारण पहिले सहा-सात आठवडे सगळ्यांनाच जड जातात. ईस्टर जवळ येईपर्यंत तेच वाक्य कायम राहिले, तर मात्र ते खरे मानावे, आणि दुसरी शाळा शोधायला लागतानाच करारपत्र काढून सूचनेची मुदत पाहावी. बहुतेक ठिकाणी पूर्ण एका सत्राची लेखी सूचना लागते. म्हणजे जुलैमध्ये शाळा सोडायची असेल, तर ईस्टरनंतरचे उन्हाळी सत्र सुरू होण्यापूर्वीच पत्र शाळेत पोचायला हवे, नाहीतर पुढच्या सत्राचे शुल्क भरावे लागते.