पुराणकथांवरची फँटसी मालिका निवडताना

मुखपृष्ठावरचं 'वय ९ ते १२' हे लेबल साधारण पहिल्या भागापुरतंच खरं धरा. अशा मालिकांत नायक भागागणिक मोठा होतो आणि त्याच्यासोबत मजकूरही. रिक रायर्डनची ग्रीक देवतांवरची मूळ 'पर्सी जॅक्सन' मालिका (२००५ ते २००९, पाच भाग) बघा: सुरुवातीला पर्सी बारा वर्षांचा, शेवटी सोळाचा. शेवटच्या भागात युद्ध आहे, ओळखीची पात्रं मरतात. म्हणून विकत घेण्याआधी पहिल्याबरोबर शेवटच्या भागाचीही दोन-तीन प्रकरणं स्वतः चाळा. शेवट आधी कळतो, पण तो तुम्हाला, मुलांना नाही!

मूळ कथा आधी माहीत असायलाच हवी असं नाही. उलट फँटसी वाचून मूल मूळ गोष्ट शोधायला लागतं, हा मोठाच फायदा. फक्त लेखकाने काय बदललंय ते बोलून घ्या, नाहीतर कादंबरीतला प्रसंगच पुराणातला म्हणून डोक्यात पक्का बसतो. मागे नावांची सूची असेल तर उत्तम. आणि पूर्ण झालेली मालिका आधी घ्या. पुढच्या भागासाठी वर्षभर थांबण्यात अनेकांचा वाचनाचा नाद सुटतो.